शुक्रवारची दुसरी मूठ

मुंबईहून निरोप आला होता शनिवारी येऊन कामावर लाग म्हणून, आणि मी नागाव सोडलं रविवारी. मधला एक दिवस आबांनी खाल्ला. आबा म्हणजे माझे वडील, इसाजी तेली. शनिवारी आमच्या घरात चूल पेटत नसे, घाणा फिरत नसे आणि कुणी प्रवासाला निघत नसे. नोकरी हातची गेली तर काय करायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "शनवारी जी जाते ती नोकरी जाऊ दे," एवढंच म्हणाले आणि ओट्यावर पाखरं बघत बसले.

रविवारी उजाडताना दामूकाकांची बैलगाडी दारात आली. दामूकाका आमचे शेजारी, नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक. मला रेवसला बोटीवर पोचवायचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. आबा गाडीमागून वेशीपर्यंत चालत आले. ते रेवसपर्यंत येतील अशी माझी भाबडी समजूत. पण आश्विन लागला होता, नवे तीळ अंगणात चटईवर पसरले होते. "तीळ उघडे टाकून आलोय," म्हणाले आणि वळले. पोरगा परमुलखाला निघालाय आणि ह्यांना तिळांची पडलीय, असा मला राग आला, आणि गाडीत मी तो बोलूनही दाखवला. दामूकाका हसले. "तिळांची राखण करायला न्हाय गेला तो. पाखरं उतरली असतील, ती बघायला गेला." ते ऐकून माझा राग आणखीच वाढला.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो आहे. नागाव, रेवदंडा, थळ, जिथे कुठे आपली चार घरं उरली असतील तिथल्यांसाठी, आणि माझ्यासारखे मुंबई, पुणे, कराचीला जाऊन खोल्यांमधून राहिलेत त्यांच्यासाठीही. आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, कुलाबा जिल्ह्यातले शनवार तेली. तेल गाळायचं आणि शनिवारी गाळायचं नाही, एवढ्यावर आपल्याला मुलूख ओळखत आला. तुमच्यातल्या कुणाकुणाच्या घरी म्हातारं माणूस असेल. माझ्यावर आलं ते तुमच्यावरही आलं असेल, म्हणून सांगतो.

आमचा घाणा परसात होता, जांभळीखाली. हरण्या नावाचा बैल डोळ्यांना झापडं लावून फिरायचा आणि घाण्याची लाट, तो जाड लाकडी सोट, उखळात करकरायची. तो आवाज दामूकाकांच्या वाडीच्या पलीकडे समुद्रापर्यंत जाई म्हणत. घाणा चालू असला की तीळ सांडायचे, पेंडीचा चुरा उडायचा, खोबऱ्याचे तुकडे इकडे तिकडे व्हायचे, आणि पाखरांची चंगळ असायची. पाऊस सरला, नवे तीळ आले की त्यांचं येणं वाढायचं ते थंडी संपेपर्यंत. चिमण्या तर बैलाच्या पायांतून टिपायच्या. होले जोडीने यायचे आणि भांडण टाळून कडेकडेने खायचे. साळुंक्यांना खोबरं लागे. कावळा पेंडीचा मोठा खडा घेऊन जांभळीवर जाई आणि तिथून तो हमखास खाली पाडी. आणि नवरात्रानंतर केव्हातरी एका सकाळी परीट पक्षी यायचा. काळापांढरा, सतत शेपूट आपटत चालणारा. तो दाण्याला तोंड लावत नसे. हरण्याच्या शेणाभोवतीचे किडे खायचा. पण आबांना त्याचं कोण कौतुक. तो आला की घरात येऊन सांगायचे, "परीट आला गो," आणि आई चहात जास्त साखर घालायची. होळीच्या सुमाराला तो निघून जायचा, तेव्हा मात्र कुणाला काही सांगत नसत.

सहा दिवस असं चाले. प्रश्न शनिवारचा होता. घाणा बंद म्हणजे सांडणं बंद. त्यात शनिवारी आबा दाणा टाकायलाही हात लावणार नाहीत. म्हणून शुक्रवारी ऊन उतरलं की ते तिळांची मूठ भरून एका करवंटीत घालायचे आणि ती जांभळीला काथ्याने टांगायचे. मुंग्या चढू नयेत म्हणून काथ्याला घासलेट चोळायचे. ज्या घासलेटने आमचा दिव्याच्या तेलाचा धंदा बुडवला, त्याचा आमच्या घरात एवढाच उपयोग. मग हात धुऊन आत यायचे, आई तेलाचा दिवा लावायची, मनुकांचं सरबत पुढे यायचं आणि शनिवार सुरू व्हायचा. दामूकाका कुंपणावरून चिडवायचे, की इसाजी, पाखरांना एक दिवस उपास घडला तर काय बिघडेल. आबांचं उत्तर ठरलेलं असे.

"आपला शनवार आपल्याला. पाखरांना कुठं कळतो?"

आणि दुसरे दिवशी सबंध सकाळ ते ओट्यावर बसून, हात मांडीवर ठेवून, करवंटीवर कोण आलं कोण गेलं ते बघायचे. सहा दिवस पाखरं त्यांच्याभोवती असत तेव्हा ते घाण्यामागे असत. बघायचा दिवस तो एकच. लहानपणी मला शनिवार म्हणजे पाखरं बघण्याचा सण आहे असंच वाटायचं.

मुंबईत शनिवार नव्हता. भायखळ्याच्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात समजलं की सुट्टी रविवारची, शनिवारी पूर्ण पाळी. मुकादमाला एकदा विचारून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं की तुला शनिवार दिला तर उद्या कुणी शुक्रवार मागेल, कुणी सोमवार, आणि भोंगा काय माझ्या एकट्यासाठी वाजवायचा? आपले कितीतरी लोक असेच शनिवारी डबा घेऊन निघतात हे तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी रात्री दिवा लावायचा, सकाळी भोंग्याबरोबर बाहेर पडायचं, आणि ह्यावर एकमेकांशी बोलायचं नाही.

आबांना हे मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. आई गेली. पुढे काही वर्षांनी, तीस सालाच्या आगेमागे, हरण्याही गेला. गिरणीचं तेल बाजारात आमच्यापेक्षा स्वस्त मिळू लागलं होतं. नवा बैल घेण्यात अर्थ नव्हता. घाणा थांबला. आबा तरीही एकटे तिथेच राहिले आणि पाखरांना रोज एक मूठ तीळ घालू लागले, शुक्रवारी दोन. मग ते परसात पडले, दिवसभर कुणाला कळलं नाही, आणि दामूकाकांनी मला बोलावून घेतलं. घराची चावी दामूकाकांच्या घरी ठेवून मी आबांना मुंबईला आणलं. बोटीत ते सारखे मागे बघत होते. करवंटी त्यांनी बरोबर घेतली होती.

आम्हा दोघांची आणि मुलांची खोली दुसऱ्या मजल्यावर, पुढे सामाईक गॅलरी. माझी बायको दीना ह्या खोलीत माझ्याहून जास्त रुळलेली, तिने गॅलरीच्या कठड्याला सुतळीने करवंटी बांधून दिली. चिमण्या आल्या, कावळे आले, कबुतरं तर बोलावल्यासारखी आली. खालच्या बिऱ्हाडाची वाळत घातलेली धुणी खराब होऊ लागली म्हणून थोडी कुरकुर झाली, ती दीनाने गोड बोलून मिटवली. आबा रमतील असं आम्हाला वाटलं. महिनाभर रमलेही.

मग एका मंगळवारी ते उठले आणि दीनाने पुढे केलेल्या चहाला हात लावीनात. चूल का पेटवलीस, म्हणाले, आज शनवार ना? दीनाने सांगितलं, आज मंगळवार. ते तिच्यावर रागावले नाहीत. तिला समजावल्यासारखं म्हणाले, "घाणा वाजत न्हाय. म्हंजे शनवारच."

आम्हाला आधी हसू आलं. पण बुधवारी तेच, गुरुवारी तेच. जन्मभर त्या माणसाला वार कुणी शिकवला नव्हता, घाण्याने शिकवला होता. उठल्यावर परसातून करकर आली की कामाचा दिवस, नाही आली की शनिवार. गावी घाणा थांबल्यावरही जांभूळ होती, दामूकाकांची हाक होती, त्यावर कसेबसे वार लागत होते. भायखळ्यात लागेनात. रोज संध्याकाळी ते करवंटीत दोन मुठी घालायचे, रोज दीनाला दिवा लावायला लावायचे आणि रोज सकाळी शनिवार पाळायचे. म्हणजे ऊन अन्न नाही, ऊन पाणी नाही. आदल्या दिवशीचा थंड भात खायचा, थंड पाण्याने हातपाय धुवायचे आणि गॅलरीत हात मांडीवर ठेवून बसायचं. दिवस पौषाचे. समजावून पाहिलं, वैद्य आणून पाहिला, प्रार्थनामंदिरातल्या वडीलधाऱ्यांना घरी बोलावून पाहिलं. त्यांच्यापुढे आबा मान डोलवायचे आणि ते जिना उतरले की म्हणायचे, बिचारे शनवारी एवढं चालत आले.

आणि रोज सकाळी मी डबा घेऊन दाराबाहेर पडताना गॅलरीतून विचारायचे:

"शनवारी कुठं चाललास?"

सातांतले सहा दिवस त्यांचं चुकत होतं. सातव्या दिवशी चुकत नव्हतं, आणि त्याही दिवशी मी डबा घेऊन निघालेलो असायचो. सहा दिवस मी, "आबा, आज बुधवार," "आबा, आज सोमवार," असं सांगत जिना उतरायचो. सातव्या दिवशी नुसताच उतरायचो.

उपाय दीनाने काढला. आमच्याकडे तिच्या माहेरचं जातं होतं, तांदळाच्या पिठाला लागतं म्हणून ठेवलेलं. एका रविवारी पहाटे उठून तिने ते कोपऱ्यात मांडलं आणि मूठभर तांदूळ घालून दळायला बसली. घरघर ऐकून आबा अंथरुणात उठून बसले. थोडा वेळ कान देऊन राहिले. मग म्हणाले, "हरण्याला पेंड घातली का?" दीनाने घातली म्हणून सांगितलं. त्यांनी गरम चहा मागितला आणि दोन कप प्याले. ती दाराआड जाऊन रडली. मीही रडलो, ते मी कबूल करतो.

तेव्हापासून दीना आठवड्यातले सहा दिवस भोंग्याच्या आधी उठून दळायची. दळायला काही नसलं तर रिकामं जातं फिरवायची. शनिवारी हात लावायची नाही. एका फिटरच्या बायकोने भायखळ्याच्या खोलीत आबांना त्यांचा आठवडा असा परत बांधून दिला. ते ऊन ऊन जेवू लागले, अंगावर थोडं मांस चढलं. तिळांची मूठ पुन्हा रोज एक आणि शुक्रवारी दोन अशी पडू लागली. गंमत म्हणजे वार परत आले तसा तो प्रश्नही आपल्या जागी आला. आता ते फक्त शनिवारी विचारायचे, अगदी बरोबर.

पुढच्या आश्विनात मी कारखान्याच्या आवारात रुळांच्या कडेने परीट बघितला. तेलाने काळ्या झालेल्या खडीवर शेपूट आपटत चालला होता, आपल्या परसात चालायचा तसा. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी जिना धावत चढलो आणि आबांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "इथं आला? तुझ्या कारखान्यात?" मी हो म्हणालो. "म्हंजे नवे तीळ आले असतील," ते म्हणाले, आणि दीनाला चहात साखर जास्त घालायला सांगितली. त्या संध्याकाळी ते जितकं बोलले तितकं मुंबईत पुन्हा बोलले नाहीत. परीट तेवढ्या लांबून येतो तरी बरोबर ठिकाण कसं शोधतो, हे मला समजावून सांगत होते, आणि मला वाटलं, हा हिवाळा आपण निभावून नेणार.

दिवाळीनंतर त्यांचे कान गेले. हळूहळू नाही गेले. आठ-पंधरा दिवसांत बोलणं ऐकू येईना, मग कावळ्याची कावकाव येईना, मग जातं. दीना त्यांच्या अंथरुणाला जातं भिडवून दळायची. त्यांचा हात धरून खुंट्यावर ठेवायची, की निदान हाताला तरी कळावं. ते हात काढून घ्यायचे आणि तिच्याकडे अशा नजरेने बघायचे की ही शनिवारी काय करतेय. शेवटी तिनेच ते थांबवलं. मी चिडलो, दळ म्हणालो, जोरात दळ. ती म्हणाली, "त्यांचा शनवार मी मोडतेय असं वाटतं त्यांना. आता पुरे." तिचं खरं होतं. ज्या शनिवारासाठी एवढा खटाटोप, तोच आम्ही रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होतो.

मग रोज शनिवारच. थंड भात, थंड पाणी, गॅलरी. चिमण्यांची चिवचिव ऐकू येत नव्हती, पण चिमण्या दिसत होत्या, आणि बघण्यात त्यांचं काही कमी झालं नाही. कबुतरं धसमुसळी म्हणून त्यांना हाताने हाकलायचे, चिमण्यांना जागा करून द्यायचे. मी डबा घेऊन निघालो की ओठ हलायचे. तोच प्रश्न, पण आता उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी नुसता त्यांच्या खांद्याला हात लावून उतरायचो. हिवाळ्याच्या शेवटी छातीत कफ धरला आणि ते गेले. कुठल्या वारी ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या हिशेबाने शनिवारीच.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी नागावला गेलो. दामूकाकांनी कळवलं होतं की घराचे वासे खचलेत, पुढच्या पावसात टिकणार नाहीत. गुरुवारच्या बोटीने गेलो. वासे बघितले. माझ्याच्याने काही होण्यासारखं नव्हतं. दामूकाका थकले होते, गाडी आता त्यांचा गडी हाकायचा. घाण्याचं उखळ जांभळीखाली तसंच होतं, लाट आडवी पडली होती आणि तिच्यावर शेवाळ चढून वाळलं होतं.

शुक्रवारी ऊन उतरलं तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. दामूकाकांच्या घरून सोनूकाकू, त्यांची बायको, पदरात काहीतरी घेऊन कुंपणातून आल्या. मी बसलोय हे त्यांनी बघितलं आणि सरळ जांभळीकडे गेल्या. जांभळीला एक करवंटी टांगलेली होती, नवी, त्यांनीच बांधलेली. तिच्यात त्यांनी तिळांची एक मूठ घातली. थांबल्या. मग दुसरी घातली.

मी विचारलं, "काकू, दोन का?"

"रोजची एक, शुक्करवारी दोन," त्या म्हणाल्या. "इसाजीभाऊ सांगून गेलते. उद्या शनवार न्हाय का?"

मी म्हणालो, की काकू, घाणा बंद होऊन किती वर्षं झाली, आता पाखरांना सगळे वार सारखेच.

त्यांनी हात झटकले. "घाना बंद झाला. शनवार येतोच की."

आमच्या घरात आता शनिवार पाळणारं कुणी नव्हतं, आणि दामूकाकांच्या बायकोला, जिचा शनिवार मारुतीला तेल घालण्यापुरता, तिला तो आमच्यासाठी लक्षात होता. मी त्या संध्याकाळी मनाशी ठरवलं की उद्याचा दिवस इथेच ओट्यावर बसायचं, हात मांडीवर ठेवून. पण कारखान्यात मोठं इंजिन उघडून ठेवलेलं, रविवारी ज्यादा पाळी लावलेली, आणि शनिवारची बोट चुकली तर सोमवारपर्यंत माझ्या जागी दुसरा उभा राहिला असता. दीना आणि मुलं त्या पगारावर. रात्रभर उलटसुलट विचार केला आणि सकाळी पिशवी उचलली.

घर म्हणजे काय, असं मला मुंबईत कुणी विचारलं तर पूर्वी मी जांभूळ सांगायचो, घाण्याचा आवाज सांगायचो. आता वासे खचले, आवाज गेला, आबा गेले. आता घर म्हणजे एवढंच, की आज कुठला वार आहे हे माझ्याहून नीट ठाऊक असलेलं कुणीतरी तिथे आहे. तेही किती दिवस, सोनूकाकूंचे केस पांढरे झालेत.

गड्याने गाडी दारात आणली. मी चढून बसलो. सोनूकाकू कुंपणापाशी उभ्या होत्या. रागाने नाही, नुसतं आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी विचारलं:

"शनवारी कुठं चाललास?"

त्या दिवशी खरोखरच शनिवार होता. मी "येतो, काकू" म्हणालो आणि गाडी हलली. वेशीवरून मागे बघितलं तेव्हा करवंटीवर पाखरं उतरली होती, दुसऱ्या मुठीवर.